काटकसर कोणाच्या ताटातून?

काटकसर हा सद्गुण आहे काय, असे कोणी आपल्या गावात येऊन विचारू लागेल, तर लोक त्याच्याकडे नवलाने पाहतील. ज्यांच्या वर्षाच्या अन्नाचा हिशेब पावसाच्या हाती, कापसाचा भाव व्यापाऱ्याच्या हाती, आणि आजारपण तर कोणाच्याच हाती नाही, त्यांस जपून खर्च करण्याची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. तापी, गिरणा व पांझरा ह्या नद्यांच्या काठची गृहिणी ह्या विषयात इतकी जाणती आहे की, तिने बोलावे व उपदेशकाने ऐकावे हेच शोभेल. म्हणून 'काटकसर करा' असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. घरात चार पैसे वाचले म्हणजे सर्वांस आनंद होतो. पण ते चार पैसे घरातील कोणाच्या वाट्यातून वाचले, हे कोणी पाहतो काय? आणि ते एकाच माणसाच्या वाट्यातून पुनःपुन्हा वाचत असतील, तर त्या गोष्टीस सद्गुण म्हणावे काय?

प्रथम खानदेशातील खऱ्या काटकसरीची थोडी ओळख करून घेऊ, म्हणजे अस्सल व नक्कल ह्यांतील भेद ओळखणे सोपे जाईल. उन्हाळा आला की अंगणात ज्वारीचे बिबडे, कुरडया व डाळीच्या वड्या वाळू लागतात. गवारीच्या शेंगा, मेथी व वांग्याच्या फोडी उन्हात सुकून डब्यांत जातात. आणि पावसाळ्यात बाजारची भाजी महागली म्हणजे हे डबे उघडतात. साठवणीच्या गव्हाला एरंडेलाचे बोट लागते, कणगीत कडुलिंबाचा पाला पडतो, व किडीच्या तोंडचे धान्य माणसांच्या तोंडी येते. डाळ शिजत टाकण्यापूर्वी भिजवून ठेवावी, भांड्यावर झाकण ठेवावे, म्हणजे जळण कमी लागते, हे सासूने सुनेस शिकविलेले शास्त्र आहे. रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून फोडणीत पडते, आणि जुन्या लुगड्यांची गोधडी होते. ज्वारीत सबंध उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी तर ह्या मुलखाची ओळखच होय. वरवर पाहता ती गव्हाच्या पोळीचा टाळलेला खर्च दिसते; परंतु तृणधान्य व कडधान्य एकत्र आले म्हणजे एकातील उणे दुसरे भरून काढते, असे आजचे आहारशास्त्रही सांगते. ह्या सर्व रीतींत वस्तू वाचते, माणूस झिजत नाही. श्रम मात्र पडतात, व ते बहुतेक बायकांसच पडतात. पण त्या श्रमाचे फळ सर्वांच्या ताटात येते.

अशी काटकसर काही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. १९३६ सालच्या डिसेंबरात ह्याच जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच. त्या प्रसंगी नंदलाल बोस ह्या थोर चित्रकाराने बांबू वगैरे गावठी सामानातूनच तेथील नगराची शोभा साधली. जवळ असेल ते नीट वापरले तर साधेपणाही डोळ्यांस सुख देतो.

आता नकलेकडे वळू. मराठीत 'कसर' हा शब्द मोठा मौजेचा आहे. कसर म्हणजे उणेपणा. कसर म्हणजे कापड व कागद खाणारा किडा. आणि अंगात बारीक ताप मुरलेला असतो तेव्हाही आपण 'अंगात कसर आहे' असे म्हणतो. डोंगरावरील प्रवचनात पृथ्वीवरच्या धनाला लागणाऱ्या ज्या कसरीचा उल्लेख आहे ती किड्याची होय. परंतु कित्येक घरांत धन साठविता साठविता जी कसर लागते ती अंगातली असते, आणि ती बहुधा एकीच्याच अंगात असते.

आपल्या घरांतील जेवणाचा क्रम आठवून पाहा. आधी पुरुषमाणसे व पाहुणा, मग मुले, त्यांतही मुलगे पुढे. मग सासू, आणि सर्वांच्या शेवटी सून किंवा मुलांची माय. भाजी सर्वांस पुरली पाहिजे म्हणून शेवटच्या ताटात रस्सा येतो, व रस्साही संपला असेल तर मीठ-मिरची येते. डाळीतील डाळ वरच्या ताटांत गेली, तळचे पाणी तिच्या वाट्यास आले. दूध तर तिने कधी मागितलेच नाही. महिनाअखेरीस घरधनी म्हणतो, 'आमची कारभारीण फार काटकसरी, एवढ्यात सारे भागविते.' हे कौतुक ऐकून तीही हसते. परंतु तिने भागविले कशातून? धान्य काही वाढले नाही. तिने आपले पोट कमी केले. जी उधारी वाण्याच्या वहीत लिहिली नाही ती तिच्या हाडांवर लिहिली गेली, एवढाच काय तो फरक.

२०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसून आले की, भारतातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांच्या रक्तात दोष आहे, म्हणजे त्यांस पंडुरोग आहे. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शेकडा २५ आहे. ह्या अंतराचे सर्व कारण ताटातच आहे असे म्हणणे खरे होणार नाही. मासिक धर्म व बाळंतपण ह्यांमुळे स्त्रीचे रक्त अधिक जाते हे उघड आहे. पण जिचे रक्त अधिक जाते तिला अधिक वाढावे, की कमी?

येथे कोणी विचारी गृहस्थ म्हणेल, 'महाराज, हा क्रम दुष्टपणाने घातलेला नाही. जो नांगर धरतो तो उपाशी राहिला तर घरातील कोणीच जेवणार नाही.' ह्या म्हणण्यात पूर्वी काही तथ्य असेलही. १८९९-१९०० च्या दुष्काळाने खानदेशासह साऱ्या मुंबई इलाख्यास जेरीस आणले तेव्हा, किंवा १९७२ साली लोकांनी मिलोची लाल ज्वारी व सुकडी खाऊन दिवस काढले तेव्हा, कोणाला अगोदर वाढावे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. परंतु १९७२ च्या दुष्काळी कामांवर खडी फोडायला कोण बसले होते? पुरुषांच्या बरोबरीने बायकाही बसल्या होत्या. आणि आज कापसाच्या शेतात जाऊन पाहा: निंदणी बायकांची, वेचणीही बहुतेक बायकांचीच. दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी सुरू होते, तीत दिवसभर वाकून, बोंडाच्या टोकांनी बोटे सोलून, वजनावर मजुरी घेणारी ती बाई घरी येऊन शेवटी जेवते. 'राबेल त्याने आधी जेवावे' हाच नियम असेल तर तो तिला का लागू पडत नाही? दुष्काळ गेला, त्याने घातलेला क्रम मात्र पाहुण्यासारखा आला व घरमालक होऊन बसला.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, व आमच्या मते तोच खरा विचार करण्याजोगा आहे. तो असा की, माय हे सर्व प्रेमाने करिते. तिने आपल्या लेकरांसाठी घास मागे ठेवला, ह्यात अन्याय कसला? हा तर त्याग आहे, आणि त्याग हा श्रेष्ठ धर्म नव्हे काय? वाचकहो, आम्ही त्या प्रेमास नमस्कारच करितो. पण देणगी कशास म्हणतात ते क्षणभर पाहू. 'नाही' म्हणण्याची मोकळीक असून मनुष्य जे देतो ती देणगी. ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही त्याच्याकडून येते तो कर. सुनेने एक दिवस आधी जेवून घेतले तर घरात काय बोलणे होईल, ह्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या ठाऊक आहे; आणि त्या उत्तरावरून ती रोज देते ती देणगी आहे की कर आहे, हे कळून येईल. शिवाय ज्याला दिले त्यास दिल्याची जाणीवही नसावी, असे हे विलक्षण देणे आहे. मुलगा पोटभर जेवून उठतो, त्याने मायचे ताट कधी पाहिलेलेच नसते. तिच्या त्यागातून तो त्याग शिकत नाही, फक्त आधी बसायला शिकतो.

प्रसिद्ध सुवार्तिक जॉन वेस्ली ह्यांचे धनाच्या उपयोगाविषयीचे प्रवचन १७६० साली छापले गेले. त्यात त्यांनी मिळविणे, वाचविणे व देणे अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पुष्कळांस तेवढेच आठवते. परंतु मिळविण्याच्या पायरीवरच त्यांनी एक कुंपण घातले आहे: आपला जीव किंवा प्रकृती खर्ची घालून मिळवू नये, व शेजाऱ्याची हानी करूनही मिळवू नये. आमचे म्हणणे इतकेच की हे कुंपण वाचविण्याच्या पायरीवरही असावे, आणि शेजारी म्हणजे केवळ भिंतीपलीकडचा नव्हे, चुलीजवळ बसलेलीही शेजारीणच आहे.

चुलीचे नाव निघाले म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ह्या प्रश्नाचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, व गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसची जोडणी होऊ लागली. खेड्याखेड्यांतून शेगड्या आल्या. पहिला सिलिंडर कौतुकात संपला; पुढे १४.२ किलोची ती टाकी पुन्हा भरून आणावयाची म्हणजे एकरकमी पैसे मोजणे आले. तेव्हा बऱ्याच घरांत असा तोडगा निघाला की, गॅस पाहुण्यांच्या चहापुरता ठेवावा, व रोजची भाकरी चुलीवर व्हावी. जळण तर फुकट आहे! कापूस संपला की पऱ्हाट्या उपटून शेताच्या बांधावर रचून ठेवलेल्या असतातच.

'फुकट' ह्या शब्दाची नीट तपासणी केली पाहिजे. पऱ्हाट्या उपटल्या कोणी? मोळी बांधून डोक्यावर घेऊन कोण आले? पावसात त्या भिजल्या म्हणजे फुंकणी घेऊन पेटवीत कोण बसते, आणि त्यांचा धूर कोणाच्या डोळ्यांत व छातीत जातो? कडेवरचे मूलही त्याच धुरात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली घरातील अशा धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसे मेली. म्हणजे हे जळण फुकट नव्हे; त्याचे पैसे ज्या नाण्यात दिले जातात ते नाणे घरच्या हिशेबाच्या वहीत मांडलेलेच नसते. टाकीचे रुपये वहीत लिहिले जातात म्हणून ते दिसतात. खोकला लिहिला जात नाही म्हणून दिसत नाही. तो दिसू लागतो तेव्हा दवाखान्याच्या पावतीवर दिसतो, आणि मग ती रक्कम 'अचानक आलेला खर्च' म्हणून लिहिली जाते. अचानक कसला? दहा वर्षे तो रोज दोन वेळा येत होता.

ज्याच्या हाती पैसाच नाही त्यास आम्ही बोल लावीत नाही. निरुपाय हे पाप नव्हे. पण जेथे फटफटीत पेट्रोल आहे व शेगडीत गॅस नाही, तेथे निरुपाय नाही, निवड आहे. ती निवड कोणी केली, व जिला धूर खावा लागतो तिचे मत घेतले होते काय, एवढे तरी विचारावे. टाकी पूर्ण परवडत नसेल तर निदान ओल्या जळणाचे पावसाळी महिने, बाळंतिणीचे दिवस व घाईची सकाळ एवढ्यासाठी ती राखावी, आणि पाहुण्यास चुलीवरचा चहा द्यावा. तो चहा अधिक चवदार लागतो असे पाहुणेच म्हणतात!

बाहेरच्या खर्चाविषयी फार लिहीत नाही, कारण तो सर्वांस ठाऊक आहे. टपरीवर दोन वेळचा चहा व एक तंबाखूची पुडी ह्यांत दिवसाला वीस रुपये गेले, तर वर्षाचे ७,३०० होतात. ह्या रकमेविषयी घरात चर्चा होत नाही. चर्चा होते ती तेलाच्या पळीविषयी. 'घरखर्च कमी करा' ह्याचा अर्थ ज्या खर्चावर बाईचा हात आहे तो कमी करा, असाच होत आला आहे.

येथे उपदेशक बंधूंस एक विनंती करावीशी वाटते. गरिबांस काटकसर शिकविताना त्यांच्या दारिद्र्याचे सारे खापर त्यांच्याच डोक्यावर फोडू नये. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत कुणबी लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा चौकशीसाठी सरकारने मंडळ नेमले. लग्नात उधळपट्टी करून शेतकरी कर्जात बुडतो, असे त्या वेळी शहाणे लोक म्हणत असत. परंतु खुद्द त्या मंडळाने असा अभिप्राय दिला की, लग्नखर्चाच्या कारणास वाजवीपेक्षा फाजील महत्त्व दिले गेले आहे; अन्न, बियाणे, बैल व सरकारी सारा अशा नित्याच्या लहान लहान कारणांसाठी काढलेल्या रकमाच व्याजाने फुगत जातात. आजही तसेच आहे. हंगामात वर्षाचे धान्य एकदम भरून ठेवणाऱ्यास ते स्वस्त पडते. ज्याच्याजवळ आठवड्याच्या बाजारापुरतेच पैसे आहेत तो पावशेर तेल घेतो व महाग घेतो. वाचविण्यासाठीही आधी थोडा पैसा हाती असावा लागतो, ही गरिबीची खरी अडचण आहे.

ह्यावर उपाय म्हणून लोकांनी ज्या युक्त्या काढल्या त्यांत एक आम्हांस फार आवडते, व ती आपल्या प्रश्नाचे उत्तरही देते. ईशान्येकडील मिझो ख्रिस्ती मंडळ्यांत १९१० च्या सुमारास अशी रीत पडली की, प्रत्येक वेळी भात शिजत टाकण्यापूर्वी गृहिणीने मूठभर तांदूळ वेगळे काढावे. ते जमवून विकावे व मंडळीच्या कामी लावावे. ती रीत तेथे अद्याप चालू आहे. विनोबा भावे, ज्यांनी १९३२ साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली, त्यांनीही पुढे सर्वोदयपात्राची कल्पना मांडली: घरात एक भांडे ठेवावे व रोज त्यात लहान मुलाच्या हाताने मूठभर धान्य पडावे. ह्या दोन्ही रीतींतील खुबी कोठे आहे? मूठ शिजण्यापूर्वी निघते. ती डब्यातून निघाल्यामुळे जो थोडा उणेपणा येतो तो पातेल्यात येतो, आणि पातेल्यातून सर्वांच्या ताटांत सारखा वाटला जातो. आपल्या घरांत मात्र मूठ शिजल्यानंतर, सर्वांचे वाढून झाल्यावर निघते, व म्हणून ती शेवटच्या एकाच ताटातून निघते. मूठ तीच, केव्हा काढली ह्यावर न्याय व अन्याय ठरतो. पाच भाकरींच्या गोष्टीतही उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करण्यास सांगितले आहे खरे; पण ती आज्ञा सर्व लोक गवतावर बसून तृप्त झाल्यानंतरची आहे, हे विसरू नये. बारा टोपल्या भरल्या त्या कोणास उपाशी ठेवून भरल्या नाहीत.

वाचलेल्या पैशाचा धनी कोण, हाही प्रश्न ह्याच्याच पोटात आहे. टपालखात्याची बचत बँक १८८२ साली निघाली, सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला, आणि १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांस जोडण्यास आरंभ केला; आता आपल्या गावागावांत बायकांचे गट आहेत, व त्यांची परतफेड चोख असते असा लौकिक आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु गटाच्या बैठकीत हप्ता भरणारी बाई ज्या कर्जाची फेड करिते ते कर्ज कोणत्या कामी गेले, हे एकदा विचारून पाहावे. नाव तिचे, सही तिची, आणि रक्कम मुलाच्या हळदीच्या वाजंत्रीस गेली, असे असेल तर ती बचत तिच्या हातून फक्त जाता जाता गेली. पासबुक जिच्या नावाचे आहे तिला ते वाचता यावे, व त्यातून शंभर रुपये स्वतःच्या औषधास काढताना तिला कोणाची परवानगी लागू नये, इतके तरी असावे.

राहिला प्रश्न उद्याच्या जेवणाचा. सर्वांनी एकदम बसावे हे उत्तम. पण घरात जागा लहान, कोणी शेतावरून उशिरा येतो, कोणाला शाळेची घाई, म्हणून ते रोज जमेलच असे नाही. मग एक करावे. भाकरी थापून झाल्या, भाजी उतरली, की कोणी पाटावर बसण्यापूर्वीच घरातील माणसे मोजून तितकी ताटे वाढावीत, आणि जी मागून जेवणार तिचे ताट भाजीसकट, डाळीसकट झाकून फळीवर ठेवावे. हे काम मुलांवर सोपवावे; त्यांना मोजणे येते. पाहुणा आला तर सर्वच ताटांतून थोडे थोडे काढावे. आता पुष्कळ सुनांच्या मनात पहिली शंका ही येईल की, सासूबाई काय म्हणतील? तर त्यांचे ताट सर्वांच्या आधी वाढावे. त्यांनी चाळीस वर्षे तळचे पाणी खाल्ले आहे.